मिठी मारत नाही, म्हणून काय झालं?

शनिवारी ओव्याला दादाकडे गेलो होतो. पुतण्या सहा वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. मी आलो की तो ना बघतो, ना ‘काका’ म्हणतो. पण माझी चप्पल उचलून स्वतःच्या चपलेशेजारी ठेवतो. दुसऱ्या कुणाचीच नाही!

त्या दिवशी एका नातेवाईक बाईंनी वहिनीला सुनावलं, "तू नोकरी करतेस, मग पोराला माया कशी लागणार?" वहिनी गप्प. माझं मात्र डोकं फिरलं.

अहो, ही थिअरी जुनी आहे आणि चुकीची आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनरनी ११ मुलांवरचा गाजलेला निबंध लिहिला आणि पुढे ‘थंड आई’ला दोष द्यायची टूमच निघाली. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंडनी पुस्तक लिहून ती खोडून काढली. ते स्वतः अशाच एका मुलाचे वडील. २००४ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ५३ टक्के स्वमग्न मुलांचं पालकांशी सुरक्षित नातं दिसलं. म्हणजे ‘ऑटिझम आहे, म्हणून माया नाही’ हे गणितच चुकतं.

आपल्याला मायेचा एकच फॉरमॅट वाचता येतो: नजर आणि मिठी. पण फाइल उघडली नाही म्हणजे ती रिकामी, असं आम्ही इंजिनियर तरी म्हणत नाही. आईला दोष देण्याआधी पोर काय करतं ते बघा की जरा!

असो. निघताना चप्पल सापडेना... त्याच्या चपलेखाली दाबून ठेवली होती. मग अजून तासभर बसलो.