कमरेला कोयता चालतो, मग खिशातल्या घडीच्या चाकूवर प्रश्न का? नियम काय सांगतात, समजून घ्या

हापूसचा हंगाम सुरू झाला की रत्नागिरी तालुक्यातल्या कुठल्याही गावात सकाळी एक दृश्य हमखास दिसतं. बागेत कामाला निघालेला गडी, कमरेला पाठीमागे बांधलेली आकडी आणि त्या आकडीत अडकवलेला कोयता. वाटेत पोलीस पाटील भेटतात, एसटीचा कंडक्टर भेटतो, शाळेत निघालेली मुलं भेटतात. कुणी वळूनही बघत नाही.

आता दुसरं दृश्य. शहरातला एक तरुण, ऑनलाइन मागवलेला तीन इंची पात्याचा घडीचा चाकू जीन्सच्या खिशाला क्लिपने लावून मित्रांबरोबर रात्री मांडवीच्या किनाऱ्यावर बसला आहे. नाकाबंदीत त्याची झडती झाली, तर पहिला प्रश्न ठरलेला आहे : "हे कशाला बाळगतोस?"

कोयता कितीतरी मोठा, चाकू त्याच्यापुढे खेळण्यासारखा. तरीही प्रश्न चाकूवाल्यालाच का? आणि ट्रेकिंग, मासेमारी, बागकाम, वायरिंग अशा कामांसाठी घडीचा चाकू जवळ ठेवायचाच असेल, तर तो कसा ठेवावा?

'शस्त्र' म्हणजे नेमकं काय?

भारतात याबाबतचा मुख्य कायदा आहे शस्त्र अधिनियम, १९५९. हल्ला किंवा बचाव यासाठी हत्यार म्हणून बनवलेल्या किंवा तसा बदल केलेल्या वस्तू म्हणजे शस्त्र, अशी त्यातली व्याख्या आहे. धारदार हत्यारंही त्यात येतात. पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू कायद्याने या व्याख्येतून वगळल्या आहेत.

आकडीतला कोयता सुटतो तो इथे. तो नारळ सोलायला, फांद्या छाटायला, कवळं तोडायला बनवलेला आहे. विळी, खुरपं, स्वयंपाकघरातली सुरी यांचंही तसंच.

दुसरी गोष्ट मापाची. शस्त्र नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर चाकूही आहेत. तिथे पात्याचं माप दिलं आहे : ९ इंचांपेक्षा (सुमारे २३ सेंटिमीटर) लांब किंवा २ इंचांपेक्षा (सुमारे ५ सेंटिमीटर) रुंद. घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामांसाठी बनवलेली पाती इथेही वगळली आहेत. हत्यार पकडल्याच्या बातम्यांमध्ये पात्याची लांबी-रुंदी दिलेली असते, त्याचं कारण हेच. पंचनाम्यात हे माप नोंदवलं जातं आणि कोर्टात त्यावरच बरंच काही अवलंबून असतं.

केंद्र सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात अशी धारदार हत्यारं विनापरवाना बाळगणं हा कलम ४ चा भंग ठरतो. त्यासाठी कलम २५ खाली १ ते ३ वर्षं कैदेची तरतूद आहे. बातम्यांमध्ये 'आर्म्स ॲक्ट ४, २५' असं वाचायला मिळतं, ते हेच.

खिशात मावणाऱ्या साध्या घडीच्या चाकूचं पातं बहुधा तीन-चार इंचांचं असतं. म्हणजे ९ इंचांच्या मापात तो बसतच नाही. मग विषय संपला का? नाही.

'९ इंचांच्या आत सगळं माफ' हा गैरसमज का?

महाराष्ट्रात दुसरा एक कायदा लागू होतो : महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्यातलं कलम ३७(१) जिल्हा प्रशासनाला मनाई आदेश काढण्याचा अधिकार देतं. असा आदेश लागू असताना शस्त्रं, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला बंदी घालता येते. या कलमात इंच-सेंटिमीटरचा उल्लेख नाही.

गणेशोत्सव, शिमगा, निवडणुका, आंदोलनं अशा काळात हे आदेश निघतात. रत्नागिरी जिल्ह्यातही निघतात. जिल्हा प्रशासनाच्या प्रसिद्धीपत्रकात चार ओळींची बातमी येते आणि बहुतेकांच्या नजरेतून ती सुटते. कामावरचे सरकारी कर्मचारी आणि काठीशिवाय चालता न येणारे वृद्ध यांना अशा आदेशांमध्ये बहुधा सूट दिलेली असते. 'छंद म्हणून चाकू बाळगणारे' अशी सूट मात्र नसते.

आदेश मोडला तर पोलीस ती वस्तू जप्त करू शकतात. कलम १३५ नुसार एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कोर्टाने वेगळी कारणं नोंदवली नाहीत, तर किमान शिक्षा चार महिन्यांची आहे.

याच कायद्याचं कलम १२२ रात्रीसाठी आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत गुन्ह्याच्या उद्देशाने घातक हत्यार घेऊन फिरताना कुणी आढळला, तर तोही गुन्हा आहे. इथे पात्याच्या लांबीपेक्षा उद्देश महत्त्वाचा ठरतो. कोण, कुठे, किती वाजता, कुणाबरोबर, कशासाठी, यावरून पोलीस आधी अंदाज बांधतात आणि नंतर कोर्ट तो तपासतं.

राज्य बदललं की नियमही बदलू शकतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाने किंवा खटक्याने उघडणाऱ्या चाकूंवर निर्बंध आणले. तिथे पात्याचं माप ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून जास्त, असं आहे. म्हणजे जेमतेम तीन इंच.

शेतातला कोयता शहरात आला तेव्हा

वस्तू तीच, पण जागा बदलली की तिच्याकडे बघण्याची नजर बदलते. याचं अलीकडचं उदाहरण पुण्याचं आहे. कोयते नाचवत दहशत माजवणाऱ्या टोळक्यांच्या बातम्यांनी २०२२ च्या अखेरीपासून 'कोयता गँग' हा शब्द घरोघरी पोहोचवला. त्यानंतर २०२३ च्या सुरुवातीला, कोयता विकणाऱ्या दुकानदारांनी ग्राहकाचं आधार कार्ड घेऊन नोंद ठेवावी, अशी पावलं पुण्यात उचलली गेली.

रत्नागिरीच्या बागेत अवजार असलेला कोयता पुण्याच्या चौकात हत्यार ठरला. घडीच्या चाकूचा घोळ इथेच आहे. कोयत्याकडे बघितलं की त्याचं काम कळतं. चाकू मात्र आंबाही कापतो आणि माणसालाही जखमी करू शकतो. काम काय, हे चाकूवर लिहिलेलं नसतं. ते सांगायची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते.

मग चाकू ठेवायचा कसा?

कामाच्या पिशवीत : बहुतेकांसाठी हाच सर्वात चांगला पर्याय. इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत पक्कड आणि टेस्टरशेजारी, ट्रेकरच्या सॅकमध्ये दोरी आणि टॉर्चबरोबर, मिरकरवाडा बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्याच्या सामानात. आजूबाजूच्या वस्तूंवरूनच चाकूचं काम कळतं.

पट्ट्याच्या पाऊचमध्ये : दोन्ही हात गुंतलेले असताना चाकू पटकन लागतो अशा कामात, म्हणजे होडीवर किंवा बागेत, हे सोयीचं. काम संपलं की पाऊच काढून ठेवावा. तोच पाऊच लावून बाजारात, पालखीच्या गर्दीत किंवा सरकारी कार्यालयात जाऊ नये.

खिशाला क्लिप लावून : रील्समध्ये सर्वात जास्त दिसणारी पद्धत. यात चाकू खिशाच्या तळाशी आडवा पडत नाही, पण तो निसटून पडू शकतो आणि बाहेरून दिसतो. दुचाकीवर बसताना क्लिप सीटला घासते. झाडावर चढताना तर ही पद्धत नकोच.

खिशात सुटा : सर्वात वाईट पर्याय. किल्ल्या आणि नाण्यांबरोबर ठेवलेला, सैल सांध्याचा चाकू खिशातच अर्धवट उघडला तर हात कापतो.

किचेनला : पाकीट फोडायला, फळ कापायला दीड-दोन इंचांचं पातं पुरतं. पण विमानतळावर हा किचेन हमखास विसरला जातो आणि सुरक्षा तपासणीत जप्त होतो. विमानात चाकू केबिन बॅगेत चालत नाही, तो चेक-इन सामानात टाकावा लागतो. शिखांच्या कृपाणासाठी देशांतर्गत प्रवासात वेगळी सवलत आहे : पातं ६ इंचांपर्यंत आणि एकूण लांबी ९ इंचांपर्यंत.

कोणताही पर्याय निवडला तरी कोकणात एक गोष्ट विसरून चालत नाही : खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. घामाने ओल्या खिशातला चाकू सांध्यात गंजतो, नीट मिटत नाही आणि मग दगा देतो. आठवड्यातून एकदा पुसून सांध्यात तेलाचा एक थेंब सोडला, तर हा धोका बराच कमी होतो. जोर लावायच्या कामाला पातं पक्कं अडकणारा, म्हणजे लॉकचा चाकू बरा. साधा चाकू दाब आल्यावर बोटांवर मिटू शकतो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी मात्र हा सल्ला उलटा होतो. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक नसलेला घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो. लॉकचा चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगायला मात्र सबळ कारण लागतं.

'बचावासाठी ठेवलाय' हे उत्तर का अडचणीचं?

अनेक तरुण हेच उत्तर देतात. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ त्याबद्दलच आहेत. पण बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. शिवाय 'बचावासाठी' म्हणणं म्हणजे हा चाकू हत्यार म्हणूनच ठेवला आहे, अशी स्वतःहून दिलेली कबुली. शस्त्राच्या व्याख्येत 'बचाव' हा शब्दही आहे, हे विसरता येत नाही.

आणि भांडणात तो चाकू उघडला गेला, तर प्रकरण साध्या मारहाणीचं राहत नाही. धारदार हत्याराने इजा करण्यासाठी कलम ११८ आहे. साधी इजा असेल तर ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंभीर इजा असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. खिशात काही नसतं तर जे भांडण शिव्यांवर मिटलं असतं, ते असं आयुष्यभराचं होऊन बसतं.

रील्सचंही तसंच. तलवारीने केक कापल्याचे व्हिडिओ पाहून पोलिसांनी गुन्हे नोंदवल्याची उदाहरणं राज्यभर आहेत. चाकू फिरवत केलेला स्टेटस हा उद्देशाचा पुरावा म्हणून उलटू शकतो.

त्यामुळे घरातून निघताना तीन प्रश्न पुरेसे आहेत. आज याचं काम आहे का? जिथे जायचं आहे तिथे मनाई आदेश लागू आहे का? आणि "कशाला बाळगतोस?" असं कुणी विचारलं, तर एका वाक्यात खरं उत्तर देता येईल का?

आकडीला कोयता लावून निघालेल्या गड्याला हे उत्तर द्यावंच लागत नाही. त्याच्या पायातला चिखल आणि डोक्यावरची आंब्याची पाटी ते आधीच देऊन मोकळी झालेली असते. ज्याच्याकडे असं उत्तर नाही, त्याने त्या दिवशी चाकू घरी ठेवलेला बरा.