मेलेल्या कलमाचा जाच

कायदा रद्द झाला म्हणजे त्याचा जाच संपला, अशी एक भाबडी समजूत सुशिक्षित वर्गात रूढ आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील 66-अ या कलमाचा इतिहास ही समजूत पार खोटी ठरवितो.

मूळ कायदा 2000 सालचा. संगणकाद्वारे होणाऱ्या व्यवहारांना कायदेशीर मान्यता देणे हा त्याचा मुख्य हेतू होता. 66-अ हे कलम त्यात 2008 च्या दुरुस्तीने घुसडण्यात आले. 22 डिसेंबर 2008 रोजी लोकसभेने ही दुरुस्ती कसलीही चर्चा न करता संमत केली. दुसऱ्याच दिवशी राज्यसभेने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याला तेव्हा महिनाही उलटला नव्हता आणि सुरक्षेच्या नावाने काहीही खपून जात होते. संगणकावरून वा मोबाइलवरून ‘अतिशय आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणे, किंवा कोणाला चीड यावी, गैरसोय व्हावी या हेतूने संदेश धाडणे, हा 3 वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा ठरला. आक्षेपार्ह कशास म्हणावे? चीड कोणाची मोजावयाची? कायद्यात याची व्याख्याच नव्हती. ती करण्याचे काम ठाणेदारावर सोपविण्यात आले. शिवाय त्याच दुरुस्तीने या कायद्याखालील तपासाचा अधिकार पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जावरून निरीक्षकाच्या दर्जापर्यंत खाली आणला.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. एप्रिल 2012 मध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील एका प्राध्यापकास मुख्यमंत्र्यांवरील व्यंगचित्र ई-मेलने पुढे धाडल्याबद्दल अटक झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला. दुसरीने त्यास केवळ पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. चीड आली जमावाला आणि कोठडी मिळाली मुलींना! कलमाचा खरा अर्थ यापेक्षा अधिक स्पष्ट कोणत्या भाष्यकाराने केला असता?

24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम संपूर्णपणे घटनाबाह्य ठरविले. चर्चा करणे, एखाद्या मताचा पुरस्कार करणे आणि हिंसेला प्रत्यक्ष चिथावणी देणे या वेगवेगळ्या गोष्टी होत, हा त्या निकालाचा गाभा होय. कलम आणले काँग्रेसप्रणीत सरकारने. न्यायालयात त्याचा अखेरचा बचाव केला भाजपप्रणीत सरकारने. सत्ताधारी बदलले, सत्तेचा स्वभाव बदलला नाही.

आणि निकालानंतर काय घडले? ठाण्यांतून त्याच कलमाखाली गुन्हे नोंदविले जातच राहिले. जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने 1976 साली स्थापन झालेल्या पीयूसीएल या संघटनेने 2018 मध्ये व पुन्हा 2021 मध्ये न्यायालयाचे दार ठोठावले. मार्च 2021 मध्ये 11 राज्यांतील जिल्हा न्यायालयांत असे 745 खटले प्रलंबित असल्याचे तिने दाखवून दिले. न्यायालयाने धक्का बसल्याचे म्हटले. ऑक्टोबर 2022 मध्ये हे कलम कोणावरही लावू नये, असा आदेश दिला. जादवपूरच्या प्राध्यापकाची आरोपांतून सुटका झाली ती जानेवारी 2023 मध्ये, अटकेनंतर जवळजवळ 11 वर्षांनी. ज्या देशात प्रक्रिया हीच शिक्षा असते, तेथे निर्दोष सुटकेचे मोल ते काय?

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मोबाइलवरून विष पसरते, स्त्रियांचा छळ होतो, गरिबांची फसवणूक होते. मग कडक कायदा नको काय? अवश्य हवा, आणि तो आहेच. तोतयेगिरी, ओळखीची चोरी, खासगीपणाचा भंग यांसाठी 2008 च्या त्याच दुरुस्तीने स्वतंत्र कलमे दिली. द्वेष पसरविणाऱ्यांविरुद्ध फौजदारी कायद्यात तरतुदी आहेत. उणीव कायद्याची नाही. बलवंतांवर तो चालविण्याच्या इच्छाशक्तीची आहे. संदिग्ध शब्द दुबळ्याचे रक्षण कधीच करीत नाहीत. ते ज्याच्या हाती दंडुका, त्याचीच चाकरी करतात.

दरम्यान सत्तेने अधिक सोयीचा मार्ग शोधला आहे. मजकूर रोखण्याचा अधिकार देणारे 69-अ हे कलम 2015 च्या निकालात टिकले. त्याखालील नियमांनी या कारवाईस गोपनीयतेचे कवच दिले आहे. ऑक्टोबर 2024 पासून ‘सहयोग’ या सरकारी व्यवस्थेतून मजकूर काढण्याच्या सूचना कंपन्यांना थेट धाडल्या जातात. तिला दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळले. आता लेखकाला कोठडीत घालण्याची गरजच उरत नाही. त्याचे लिखाण तेवढे दिसेनासे होते. मात्र सरकारनेच सरकारविषयीच्या मजकुराचे खरेखोटे ठरवावे, हा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केला, हे विसरता कामा नये. लढले तर जिंकता येते.

परंतु न्यायालयातील विजय ठाण्याच्या उंबरठ्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचविणे हे कार्यकर्त्यांचे काम होय. आपल्या तालुक्यात 66-अ खाली नोंदलेला एखादा गुन्हा पडून आहे काय, हे माहितीच्या अधिकारात विचारले पाहिजे. मजकूर रोखण्याचा प्रत्येक आदेश सकारण असावा, तो प्रसिद्ध व्हावा आणि लेखकास आधी म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, ही मागणी सभासभांतून उठली पाहिजे. कागदावर मेलेले कलम ठाण्याच्या नोंदवहीतूनही खोडले जाईल, तेव्हाच ते खऱ्या अर्थाने रद्द झाले असे म्हणता येईल.