खारपाणपट्ट्यातील पाये

मा. मुख्य अभियंता,
सार्वजनिक बांधकाम विभाग, अमरावती यांस,



अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या पूर्णेच्या खोऱ्यात जे खारे पाणी माणसाच्या तोंडी लागत नाही, त्याच पाण्यात आपल्या खात्याच्या इमारतींचे व पुलांचे पाये जन्मभर उभे राहावयाचे असतात. सबब त्यातील क्षारांचा सिमेंटशी काय व्यवहार चालतो, हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही.

गंमत अशी, की ज्या सल्फेटास आपण वैरी मानतो, ते जिप्समच्या रूपाने प्रत्येक गोणीत मुद्दाम दळलेले असते. ते नसते, तर सिमेंटातील ट्रायकॅल्शियम ॲल्युमिनेट पाणी लागताच आळून गवंड्याची थापी जागीच अडती. जिप्सम व ॲल्युमिनेट यांच्या संयोगातून एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक बनतात, पण माल ओला असल्याने ते निमूटपणे सामावतात, आणि पुढे जिप्सम सरले म्हणजे अल्प सल्फेटाच्या संयुगात पालटतात. कालांतराने भूजलातील सल्फेट कठीण काँक्रीटच्या रंध्रांतून आत शिरून मोकळ्या चुन्यापासून नवे जिप्सम घडविते, आणि तेच एट्रिंगाइट, रेणूमागे पाण्याचे 32 रेणू पोटात घेऊन, आता जागाच न उरलेल्या ठिकाणी पुन्हा वाढू लागते; कोपरे झडतात, भेगा पडतात. सल्फेट मॅग्नेशियमचे असल्यास तर कॅल्शियम सिलिकेटचा मूळ बंधच सुटतो व काँक्रीट भुसभुशीत होते.

सल्फेटरोधक सिमेंट वापरावे, असे फर्मान काढून भागले असते, तर आपणांस तसदी दिली नसती. त्या सिमेंटात हे ॲल्युमिनेट 5 टक्क्यांपेक्षा अधिक नसते, हे खरे. परंतु क्लोराइडला बांधून ठेवून सळयांचा गंज लांबविणारेही तेच असल्यामुळे, दोन्ही क्षार एकत्र आढळल्यास 5 ते 8 टक्के ॲल्युमिनेटाचे साधे सिमेंट, किंवा 50 टक्क्यांहून अधिक स्लॅग असलेले सिमेंट इष्ट, असे भारतीय मानक 456 (2000) सांगते. माती-पाण्याचे अर्धे पृथक्करण पाहून केलेली निवड म्हणूनच घातक ठरू शकते. शिवाय मालात पाणी सढळ हाताने ओतले, तर कोणतेही सिमेंट रंध्रे बुजवू शकत नाही.

तरी या खोऱ्यातील प्रत्येक कामाच्या निविदेस पायाची माती व भूजल यांच्या पृथक्करणाचा दाखला, सल्फेट व क्लोराइड या दोहोंच्या आकड्यांसह, जोडण्याची तजवीज व्हावी, आणि सिमेंटचा प्रकार व पाणी-सिमेंट प्रमाण त्या दाखल्यावरून ठरल्याखेरीज अंदाजपत्रकास मंजुरी देऊ नये, ही विनंती. कळावे.

आपला,
एक स्थापत्य अभियंता