मीटरच्या पोटातली जागा

भोपाळात मध्य क्षेत्र विद्युत वितरण कंपनीने घरोघरी स्मार्ट मीटर बसवायला घेतले आहेत. केंद्राने 2021 साली मंजूर केलेल्या योजनेत देशभर सुमारे 25 कोटी मीटरांचे उद्दिष्ट आहे. लोकांत चर्चा चालते ती बिल वाढले की काय याची. मीटरच्या पोटात काय आहे, याची चर्चा निदान विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तरी करावयास हवी.

जुना चकतीचा मीटर नुसता मोजत असे. नवा मीटर दुरून आलेल्या हुकुमावर घराची वीज तोडू शकतो. तो हुकूम कंपनीचाच की कोणा उपद्व्यापी माणसाचा, हे ओळखण्याचे काम क्रिप्टोग्राफीचे. आणि ते करावयाचे ते स्वस्त, तोकड्या स्मृतीच्या चिपने!

प्रयोगशाळेतला आर्डुइनो ऊनो घ्या. प्रोग्रामला 32 किलोबाइट, चालू हिशेबाला अवघे 2048 बाइट. आज रूढ असलेल्या एड25519 पद्धतीची सही 64 बाइटांत मावते. क्वांटम संगणकापुढेही टिकावी म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटीने ऑगस्ट 2024 मध्ये प्रमाणित केलेल्या एमएल-डीएसएची लहानात लहान सही मात्र 2420 बाइटांची. म्हणजे सहीच एका वेळी मावत नाही, पडताळणी दूरच. मीटरातली चिप याहून मोठी असते हे खरे, परंतु दुखणे तेच.

तेव्हा ‘जागा नाही, जुनेच चालू द्या’ म्हणणाऱ्यांवर रागावता येत नाही. चिपमागे दहा रुपये वाढले तरी 25 कोटी मीटरांवर 250 कोटी होतात. तरीही त्यांचे म्हणणे मला पटत नाही. मोबाइल आपण चार वर्षांत टाकतो. मीटर भिंतीवर दशकभर राहावयाचा.

जागा हवी तर आधी अडगळ काढावी. जुन्या यंत्रांशी बोलता यावे म्हणून जपलेल्या ट्रिपल डीईएस, एसएचए-1 यांसारख्या पद्धती जागा खातात आणि हल्लेखोराला मागचे दारही उघडून देतात. शिवाय नवे ते सारे अवजड, असेही नाही. एनआयएसटीने 2023 मध्ये निवडलेली ॲस्कॉन खास तोकड्या चिपांसाठीच आहे. ती सही करीत नाही, पण संदेश झाकण्याचे काम चोख करते.

एका गोष्टीला मात्र कात्री लावू नये: सही तपासूनच नवा प्रोग्राम स्वीकारण्याची सोय. 2016 साली ‘मिराई’ने लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले ते गणित फोडून नव्हे, तर कारखान्यातूनच आलेले संकेतशब्द वापरून, आणि त्यांतली कित्येक यंत्रे दुरून दुरुस्तच करता येत नव्हती. म्हणून निविदेतच अट घालावी, की मीटर बसेल त्या दिवशी चिपमधली निम्मी जागा रिकामी असली पाहिजे.