लोडरची बकेट आणि शेतकऱ्याची युक्ति

यंत्र विकत घेतांना आमचा शेतकरी त्याची अश्वशक्ति विचारतो, किंमतींत घासाघीस करतो, हप्ता किती पडेल याचा हिशेब मांडतो, परंतु "यास आणखी काय काय जोडतां येतें?" असा प्रश्न क्वचितच कोणी करतो. स्किड स्टिअर लोडर या लहान यंत्राच्या बाबतींत तर हाच प्रश्न सर्वांआधीं विचारावयास हवा, असें आमचें मत आहे. डाव्या व उजव्या बाजूंचीं चाकें निरनिराळ्या गतीनें फिरवून हें यंत्र जागच्या जागीं वळतें, आणि त्याच्या पुढील बाहूंची बकेट काढून तेथें दुसरें अवजार थोडक्या वेळांत चढवितां येतें. आमच्या पाहण्यांत जीं थोडीं यंत्रें आहेत त्यांची बकेट मात्र सहसा उतरत नाहीं. एवढें भांडवल गुंतवून केवळ माती व खत उचलणारा हमाल पदरीं बाळगावयाचा, हा व्यवहार आम्हांस पटत नाहीं.

या यंत्राचा जन्मच एका शेतकऱ्याच्या अडचणींतून झाला. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत रॉथसे या गांवीं केलर आडनांवाचे दोन कारागीर बंधु होते. टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यास कोठ्यांतील विष्ठा उपसण्यासाठीं खांबांमधून वळेल इतकें आटोपशीर व माडीवर चालवितां येईल इतकें हलकें यंत्र हवें होतें. तें त्यांनीं 1957 सालीं तीन चाकांवर उभें केलें. पुढें मेलरो कंपनीनें तें हातीं घेतलें, 1960 मध्यें त्यास चार चाकें आलीं आणि 1962 पासून ‘बॉबकॅट’ हें नांव मिळालें. तात्पर्य, गोठा हेंच याचें माहेर आहे, आणि आमच्याकडेही त्याची परीक्षा प्रथम गोठ्यांतच व्हावी.

अमेरिकेंतील दुग्धशाळांत जुन्या टायरचा अर्धा भाग कापून लोडरच्या पुढें बसवितात व त्यानें सिमेंटच्या वाटेवरील शेण ओढतात. लोखंडी धारेनें फरशी झिजून गुळगुळीत होते आणि जनावर घसरतें. रबरानें हा उपद्रव बराच कमी होतो. टायर जुनाच, तेव्हां खर्च तो काय! तसेंच, सांगाड्यासारखी जाळीदार बकेट दगड वेंचण्यासाठीं निघाली, पण कुजलेलें खत तिच्यांतून हलवून घेतलें तर ढेंकळें व दगड मागें राहतात. खड्डे पाडण्याच्या गिरमिटाच्या जागीं आट्यांचा शंकु बसविला म्हणजे तो ओंडक्यांत शिरून लांकूड फोडतो. आमच्या माळरानांवर माजलेली वेडी बाभूळ तोडल्यावर तिचा कांटेरी पसारा हातानें ओढणाऱ्या मजुराची दशा ज्यानें पाहिली आहे, त्यास लोडरच्या लोखंडी पंजाचें महत्त्व निराळें सांगावें लागणार नाहीं.

गिरमिटाविषयीं मात्र एक सूचना. ओल्या काळ्या जमिनींत तें फिरविलें कीं खड्ड्याची भिंत चोपडी व घट्ट होते. रोपाचीं मुळें ती भेदूं न शकतां आंतल्या आंत वळसे घेतात. वाफसा येईपर्यंत थांबावें आणि खड्ड्याची बाजू पहारीनें खरवडावी. शिवाय हें यंत्र वळतांना चाकें घसटत नेतें, त्यामुळें भुसभुशीत रानांत तें जमीन ओरबाडतें व दाबतें. उभ्या पिकांत त्यास नेण्याची हौस कोणी करूं नये.

युक्तीलाही मर्यादा आहे. ज्या ओझ्यानें यंत्र पुढें कलंडतें त्याच्या निम्मेंच ओझें चाकांच्या लोडरास मान्य समजतात. त्यांतही जोडलेलें अवजार जड असेल किंवा ओझें काट्याच्या टोंकाकडे असेल, तर तेवढेंही झेपत नाहीं. बाहु उचललेले असतां त्यांस ठरलेला आधार दिल्यावांचून खालीं कोणी वांकूं नये. अलीकडे पुढाऱ्यांच्या मिरवणुकींत मोठ्या लोडरच्या बकेटींतून फुलें उधळण्याची प्रथा पडली आहे. फुलांविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु त्याच बकेटींत माणसें उभीं राहतात, आणि तें पाहून गांवांतील पोरें नारळ उतरविण्यास, दिवा बसविण्यास तींत चढतात. बकेट ही शिडी नव्हे. असल्या ‘कल्पकते’चें कौतुक कोणीही करूं नये.

आतां खर्चाचा प्रश्न. 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत सरासरी धारणक्षेत्र 1.34 हेक्टर होतें. एवढ्या जमिनीच्या धन्यानें एकट्यानें लोडर व त्याचीं अवजारें घ्यावीं असें आम्ही कधींही सुचविणार नाहीं. कर्जाचा हप्ता यंत्राच्या कामाची वाट पाहत नाहीं. परंतु अवजारे बँकांची पद्धति आपल्याकडे रूढ होत आहे, आणि हें काम सोसायटीस साधण्याजोगें आहे. बहुतेक कारखानदार एकाच घडणीची जोडपट्टी ठेवतात, म्हणून एका यंत्रावर अनेकांचीं अवजारें चालूं शकतात. तथापि खरेदीपूर्वी जोडपट्टी व हायड्रॉलिक तेलाचा प्रवाह जुळतो कीं नाहीं हें लेखी घ्यावें. पहिल्या वर्षीं बकेटीखेरीज पंजा व गिरमिट एवढेंच घ्यावें, टायरची फळी गांवच्या लोहाराकडून करून घ्यावी, आणि कोणतें अवजार किती तास चाललें याची वही ठेवावी. पुढील वर्षीं काय विकत घ्यावयाचें तें विक्रेत्याच्या चित्रमय पुस्तिकेवरून न ठरवितां त्या वहीवरून ठरवावें.