साधेपणाचा अहंकार आणि रात्रीचा साज

जत्रेची रात्र असो, नाटकाची असो वा लग्नघरच्या मेजवानीची असो, कोणी थोडा भरजरी साज करून घराबाहेर पडले की आपल्या समाजात एक ठरलेले वाक्य कानी येते : “एवढे नटायचे कशाला? साधी राहणी बरी.” बोलणाऱ्यास आपण मोठे नीतिवचन उच्चारले असे वाटते, आणि ऐकणारा, बहुधा ऐकणारी, ओशाळून पदर सावरून घेते. आमचे मत असे की, हे वचन नीतीचे नव्हे, आळसाचे आहे. किंबहुना पुष्कळदा ते आळसाहूनही वाईट अशा एका वृत्तीचे, म्हणजे दुसऱ्याने किती झळकावे हे आपण ठरवावे या वृत्तीचे, सोवळे नेसलेले रूप असते.

प्रथम देवळाकडेच पाहू; कारण साधेपणाचे उपदेशक बहुधा देवळाच्या पायरीवर उभे राहूनच बोलतात. आपली कोणती देवता साधी राहते? फोंडे महालातील देवळांतून नवरात्राच्या रात्री मखरोत्सव होतो, तेव्हा शृंगारलेल्या मखरात बसलेली देवी वाद्यांच्या आणि आरत्यांच्या तालावर झुलत असते. पावसाळ्यात म्हार्दोळला महालसेची जायांची पूजा होते, आणि अवघे देऊळ जाईच्या कळ्यांनी भरून जाते. मंगेशीचा देव तर साक्षात स्मशानवासी शंकर; पण सोमवारी तोही पालखीत बसून मिरवतो. कोणी म्हणेल, शंकर मुळात वैरागी आहे. आहे खरा, परंतु अंगाला भस्म, कटीस व्याघ्रचर्म, गळ्यात नाग आणि जटेत चंद्रकोर, याहून नाट्यपूर्ण वेष त्रिभुवनात दुसऱ्या कोणाचा आहे? ज्याने सर्वस्वाचा त्याग केला त्यानेही वेष मात्र विचारपूर्वक निवडला. देवाला साधेपणा शिकवावयास कोणी धजत नाही. तो उपदेश राखून ठेवलेला असतो शेजारच्या सुनेसाठी.

यावर गांधीजींचे नाव पुढे केले जाईल, हे आम्ही जाणतो. १९२१ च्या सप्टेंबरात मदुरा येथे महात्माजींनी अंगावरचे कपडे टाकून पंचा स्वीकारला, आणि त्या त्यागापुढे आमचे मस्तक नम्र आहे. परंतु ते व्रत होते. उघड्यावाघड्या कोट्यवधी देशबांधवांकडे पाहून, पुरता विचार करून घेतलेला तो वेष होता. सकाळी हाताला लागला तो सदरा चढवणाऱ्याने त्या पंच्याची साक्ष काढणे हा पंच्याचा अपमान होय. आणि त्याच वर्षाची दुसरी एक गोष्टही स्मरावी. १९२१ च्या ८ जुलै रोजी मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग केला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. झगमगत्या रंगभूमीची ती रात्र राष्ट्राच्याच कामी आली. तेव्हा भरजरी म्हणजे भोगलोलुप आणि जाडेभरडे म्हणजे सच्छील, ही वाटणी इतिहासास मान्य नाही.

बालगंधर्वांचे नाव आलेच आहे, तर त्यांच्यापाशी थोडे थांबू. ज्या काळी घरंदाज स्त्रीला रंगभूमी निषिद्ध होती, त्या काळी एका पुरुषाने शालू आणि पैठणी अशी नेसून दाखवली की, घरोघरच्या स्त्रियांनी त्यांचा अंबाडा, त्यांच्या पदराची ठेवण आणि त्यांचे गजरे यांचे अनुकरण केले. हे सामर्थ्य नुसत्या किमती वस्त्राचे नव्हते. तसे असते तर वस्त्रांची दुकाने असणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याचे घर सौंदर्याचे माहेर झाले असते. १९१९ साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, तेव्हा याच बालगंधर्वांनी सिंधूच्या भूमिकेत ठिगळांचे लुगडे नेसले आणि तेही प्रेक्षकांच्या काळजात शिरले. प्रसंग ओळखणे, प्रसंगाला साजेल एवढेच परंतु तेवढे पुरेपूर देणे, आणि जे अंगावर आहे ते आपलेच आहे अशा सहजतेने वावरणे, ही त्या कलेची तीन अंगे. भरतमुनींनी अभिनयाच्या चार प्रकारांत आहार्य, म्हणजे वेषभूषेचा अभिनय, गणला तो उगाच नव्हे. वस्त्र हेही बोलणे आहे. आणि जे बोलणे आहे त्यास शिक्षण लागते.

हे शिक्षण कसले, ते सांगणे अवश्य आहे. नाही तर ‘नटा’ एवढे म्हणून मोकळे होणे हाही एक आळसच. रात्रीच्या साजाचा पहिला गुरू म्हणजे प्रकाश. समईच्या व दीपमाळेच्या पिवळ्या ज्योतीत लाल, कुसुंबी, केशरी आणि हळदी हे रंग जिवंत होतात. गडद निळा काळ्यात बुडतो. म्हणूनच काळ्या चंद्रकळेवर जरीचा काठ रात्री जसा उठतो तसा दिवसा उठत नाही. जर ही ज्योतीसाठीच जन्मली आहे : ज्योत हलते, नेसणारी हलते, आणि तार ठायी ठायी पेटते. पांढऱ्याफेक विजेच्या झोतात तीच जर पत्र्यासारखी सपाट दिसते. दुसरा गुरू म्हणजे फूल. आबोलीस रंग आहे, सुवास नाही; जाईस सुवास आहे, पण रंगाचा भडकपणा नाही, आणि ती उमलते सांजवेळी. आमच्या आज्यांनी वळेसर माळताना दोहोंची जोड घातली, ती हे जाणून. अत्तराचा कानात ठेवलेला एक फाया पुरे. ज्याचे अत्तर आधी येते आणि माणूस मागाहून, त्याचे काहीतरी चुकले आहे. तिसरी गोष्ट दागिन्याची. मुख्य दागिना एकच असावा. नथ मुख्य, तर गळा शांत ठेवावा. चिंचपेटी आणि तन्मणी यांना बोलू द्यायचे, तर नाकात मोत्याचा एक दाणा पुरे. पेटीतील सर्व काही एकदम अंगावर चढवणे म्हणजे मैफलीत सर्व राग एकदम गाणे होय.

आणि हा साज ज्याचा त्याचा असावा. यासाठी तर आपल्या विखुरलेल्या मराठी समाजास परमेश्वराने मोठे भांडार दिले आहे. ग्वाल्हेरकरांच्या शेजारी चंदेरी आहे, इंदूरकरांच्या शेजारी अहल्याबाईंचे महेश्वर आहे. बेळगावकरांस इरकली लुगडे व त्यावरचा धारवाडी कशिदा परका नाही. हैदराबादकरांपाशी मोती आणि हिमरू आहे. पुरुषांनीही स्वतःस यातून वगळू नये. शिंदेशाही पगडी, जरीकाठी उपरणे, कानातली भिकबाळी, ही काही केवळ नाटकाच्या पेटीत ठेवण्याची सामग्री नव्हे. यजमान ठिकठिकाणी चुरगळलेल्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात आणि यजमानीणबाई शालूत, असे जोडपे पालखीमागे चालताना दिसते तेव्हा पुरुषाच्या साधेपणाचे नव्हे, त्याच्या बेपर्वाईचेच दर्शन घडते.

आता खर्चाचा आक्षेप. तो खरा आक्षेप आहे, म्हणून त्यास खरे उत्तर दिले पाहिजे. गंधर्व मंडळीच्या थाटाने ती मंडळी कर्जात बुडाली, हे आम्ही विसरलो नाही. कर्ज काढून नटणे हे मूर्खपणाचेच. परंतु वैभव म्हणजे खर्च, हा समज सराफाच्या सोयीचा आहे, आमच्या नव्हे. आपल्या कपाटात काय घडते ते पाहा. आजीची पैठणी मलमलीत गुंडाळून वीस वर्षे पडून राहते, घडीवर विरते, आणि एके दिवशी उलगडताना चिरते. इकडे त्याच घरात दर लग्नाला नवी यंत्रमागावरची चमकदार साडी विकत घेतली जाते, एकदा नेसली जाते आणि टाकली जाते. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा पदर उलट्या बाजूनेही सुलट्यासारखाच स्वच्छ असतो. नकलेच्या पाठीस सुटे धागे लोंबतात. ही एवढी पारख शिकली तरी दहा साड्यांचे पैसे वाचतील आणि येवल्याच्या विणकराची एक चूल पेटेल. आणि ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्यासाठी फुले आहेत. म्हार्दोळची महालसा जाईने नटते तेव्हा ती सोन्याच्या देवीहून उणी दिसते काय? विपुलता ही हाताची आणि वेळेची असते. तिजोरीची असावीच असे नाही.

परंतु खर्च हे या विरोधाचे खरे कारण नव्हेच. खरे कारण अधिक खोल आहे, आणि ते बोलून दाखवावयास हवे. आपल्या देवळांच्या रात्री ज्यांनी शतकानुशतके गाण्याने आणि साजाने उजळल्या, त्या कलावंतिणींना आपण काय दिले? त्यांच्या गाण्यास माना डोलावल्या, आणि त्यांच्या नावाची शिवी केली. राजाराम रंगाजी पैंगीणकरांसारख्या त्याच समाजातील सुधारकांनी झगडून ती लादलेली चाल मोडली, हे उत्तम झाले. त्या गुलामीचा उदोउदो करणाऱ्याशी आमचे नाते नाही. पण चाल गेली तरी उच्चभ्रूंच्या मनातला संशय गेला नाही. ‘नटते ती कुलीन नव्हे’ हा तो संशय. प्रत्येक सुनेच्या ठसठशीत कुंकवावर, प्रत्येक मुलीच्या डोळ्यांतल्या काजळावर आजही त्याचीच पहारेदारी चालू आहे. ज्यांनी आपणास शृंगार शिकवला त्यांचा हा अपमान आहे, आणि जिला तो संशय चिकटवला जातो तिचाही.

आणि विधवा? पती वारला त्या दिवशी तिच्या केसांतले फूल, हातातला चुडा आणि कपाळीचे कुंकू समाजाने हिरावून घेतले, आणि या लुटीस साधेपणा हे नाव दिले. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून ही चाल बंद करण्याचे ठरविले, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. बेळगावहून दूर नसलेले हे खेडे. त्याने जे धैर्य दाखवले ते आपल्या किती देवस्थानांनी दाखवले आहे? जत्रेच्या रात्री सवाष्णींची ओटी भरली जाते, तेव्हा खांबाआड पांढऱ्या साडीत उभी असलेली बाई कोणालाही दिसत नाही. साठी उलटलेल्या बाईने जांभळी रेशमी साडी नेसली तर तिची जाऊच कुजबुजते : “ह्या पिरायेर इतलें नटप कित्याक?” आम्ही उलट विचारतो, ह्या वयात नाही तर केव्हा? वीस वर्षांच्या मुलीस तारुण्यच पुरे आहे. भरजरी साज पेलावयास साठ वर्षांची चालच हवी.

या पहारेदारीचा परिणाम उघड आहे. देवळाच्या रात्री फिक्या पडल्या आणि तरुण मंडळी आपला उत्साह घेऊन हॉटेलांतील मेजवान्यांकडे गेली. तेथे ती भाड्याची चमचम अंगावर घालतात. दहाजणींचा साज एकाच दुकानातला, म्हणून एकसारखा. त्यांना हसणे सोपे आहे. परंतु मुलांना नटण्याची हौस आहे हे त्यांचे वैगुण्य नव्हे. ती हौस घडवणारे घर आणि देऊळ त्यांना मिळाले नाही हे आपले वैगुण्य आहे. पुष्कळ देवळांच्या दारी आता काय घालू नये याची पाटी असते. असू द्यावी. परंतु निषेधाने कोणास काही नेसता येत नाही. काय घालावे, कसे नेसावे, कोणत्या दिव्याखाली कोणता रंग खुलतो, हे सांगणारी पाटी आम्हांस एकाही देवळाच्या दारी आढळली नाही.

म्हणून देवस्थानांच्या समित्यांस आमची तीन मागणी आहेत. पालखीच्या वेळी ते डोळे दिपवणारे पांढरे झोत विझवावे आणि दीपमाळा, समया, दिवट्या यांना त्यांचे राज्य परत द्यावे. जत्रेच्या रात्री दारात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीस, तिचा पती आहे की नाही हे न विचारता, एक वळेसर द्यावा. आणि उत्सवापूर्वी एक संध्याकाळ गावातील वृद्ध स्त्रियांना देऊन त्यांच्याकडून मुलींना नऊवारी नेसणे व मुलांना पगडी आणि उपरणे वागवणे शिकवावे. यात खर्च थोडा आहे. मोडावा लागेल तो अहंकार मात्र मोठा आहे.

वाचकहो, साधेपणा हा मोठा गुण आहे, परंतु तो स्वतःपुरता. दुसऱ्याच्या अंगावर लादला की तो गुण राहत नाही, जुलूम होतो. ज्यास साधे राहावयाचे असेल त्याने खुशाल राहावे आणि शेजारणीच्या पैठणीकडे प्रसन्न मनाने पाहावे. तेवढे जमले तरच त्याचा साधेपणा खरा.