चौथीनंतर झोप कमी लागते का?

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं. निर्णय चांगला आहे, पण डॉक्टर म्हणून मला तो अर्धाच वाटतो. सकाळी उठताना सर्वात जास्त हाल होतात ते सातवी ते दहावीच्या मुलांचे, आणि त्यांचा त्यात विचारच नाही.

वयात येताना झोपेची वेळ आपोआप तास-दोन तास पुढे जाते. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागतं. त्यामुळे दहाला दिवा घालवला तरी मूल अकरापर्यंत टक्क जागं राहतं. हा आळस नव्हे. सगळा दोष मोबाइलचाही नव्हे, तो फक्त भर घालतो. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने कायदाच केला. २०२२ पासून तिथली हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. ‘तिकडची मुलं बघा किती अभ्यास करतात’ असं आपण ज्या चीनबद्दल म्हणतो, तिथल्या सरकारनेही २०२१ मध्ये सांगितलं की माध्यमिक शाळा आठच्या आधी नको, आणि झोपायची वेळ झाली की गृहपाठ अपुरा असला तरी मुलाला झोपू द्या. त्याच वर्षी नववीपर्यंतच्या खासगी क्लासेसवर कडक बंधनं आली. विद्यापीठ प्रवेशाची जीवघेणी परीक्षा मात्र तशीच आहे, त्यामुळे वरच्या वर्गांची सुटका झाली असं मी म्हणणार नाही.

आपल्याकडे ठाणे, कल्याण, डोंबिवलीत जागा कमी म्हणून शाळा दोन सत्रांत भरतात, आणि बऱ्याच ठिकाणी सकाळी सातचं सत्र मोठ्या वर्गांच्या वाट्याला येतं. संध्याकाळी क्लास. आईबाबा लोकलने नऊला घरी, मग जेवण, मग उरलेला अभ्यास. झोपायला साडेअकरा, उठायला साडेपाच. डोकेदुखी, चिडचिड, उपाशीपोटी मळमळ घेऊन ही मुलं येतात आणि पालक टॉनिक मागतात. हिमोग्लोबिन तपासूच, पण आधी झोपेचे तास मोजा.

नवी इमारत बांधायची गरज नाही. पाचवी-सहावी सकाळी आणि आठवी ते दहावी दुपारी, एवढी अदलाबदल पुष्कळ शाळांना जमेल. पुढच्या पालकसभेत विचारा. फक्त रिकाम्या झालेल्या सकाळी क्लासवाले सातची बॅच लावतील, तिला नाव घालू नका.